झाकलेली पुरचुंडी

कार्तिक शुद्ध द्वितीया ही यमद्वितीया. ज्याच्या नुसत्या नावाने माणसाचे काळीज थरकापते तो यमधर्म या दिवशी आपला पाश बाजूस ठेवून भगिनी यमुनेच्या घरी जेवावयास गेला, तिने त्यास ओवाळले, भोजन घातले आणि संतुष्ट झालेल्या भावाने तिला वर दिला, ही कथा आपल्या घराघरांतून परिचयाची आहे. (ऋग्वेदातील यम-यमी संवादाचा विषय निराळा, पाटावर बसलेल्या भावापुढे तो काढण्याचे कारण नाही.) या दिवशी स्वगृही जेवू नये, बहिणीच्या हातचे अन्न घ्यावे, असा सांप्रदाय आहे आणि तो आजही श्रद्धेने पाळला जातो.

आम्हांस मात्र लहानपणापासून या कथेत एक शंका येत आली आहे. यमुनेच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते? भाऊ दारात उभा राहिला तेव्हा तिच्या डब्यांत पीठ होते की नव्हते? नसेल, तर ती कोणाच्या घरी वाटी घेऊन गेली? कथाकार याविषयी काही सांगत नाहीत. देवादिकांच्या घरी अशी अडचण कोठली, असे कोणी म्हणेल. परंतु सण देवांचा असला तरी तो साजरा माणसांच्या घरी होतो, आणि माणसांच्या घरी पाहुणा येणार म्हटले की सडासंमार्जनाबरोबर आणखीही एक गोष्ट सुरू होते. तिला आपल्याकडे झाकपाक म्हणतात.

झाकपाकीचे सामान सर्वांच्या ओळखीचे आहे. शेजारची सतरंजी, समोरच्या बिऱ्हाडातील दोन खुर्च्या, कोणाकडून तरी आणलेले चांदीचे ताट-वाटी, आणि मुलांना आदल्या रात्री पढवून ठेवलेली उत्तरे. परक्यापुढे माणूस एवढे करीत नाही. सावकारापुढे तर तो असलेलेही लपवितो. हा सारा थाट होतो तो आपल्याच माणसापुढे. बहीण, भाऊ, मामा, व्याही यांच्यापुढे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण याच कुळातली. आम्ही कीर्तनकार तरी यातून कोठे सुटलो आहोत? आरतीचे तबक श्रोत्यांतून फिरविण्यापूर्वी यजमान त्यात एक मोठी नोट आधीच ठेवून देतात. ती पाहून पुढील हात जरा सैल व्हावा, एवढाच हेतू. पुष्कळ ठिकाणी ती नोट आरती संपताच यजमानांच्या खिशात परत जाते. आम्ही ते पाहतो आणि पुढची आरती म्हणू लागतो.

या झाकपाकीला शास्त्रीपणाने दंभ म्हणून मोकळे व्हावे, असे तरुणपणी आम्हांस वाटे. आता तसे वाटत नाही. संपत्ती मिरविणे निराळे आणि दारिद्र्य झाकणे निराळे. पहिल्याचा मासला पाहावयाचा तर महाभारतातील वनपर्वात घोषयात्रेचे आख्यान आहे. पांडव द्वैतवनात कंदमुळांवर दिवस काढीत असता कर्ण-शकुनींनी दुर्योधनास सुचविले की आपण सहकुटुंब, अलंकार लेऊन, त्यांच्या डोळ्यांसमोरून मिरवीत जावे. आपल्या स्त्रियांनी वल्कले नेसलेल्या द्रौपदीस पाहावे आणि तिने यांस पाहावे. उघड सांगता येईना म्हणून निमित्त काढले गोधनाच्या मोजदादीचे! लवाजमा निघाला. वाटेत चित्रसेन गंधर्वाशी गाठ पडली, युद्ध झाले, आणि भाऊबंदांना वैभव दाखवावयास निघालेला दुर्योधन स्त्रियांसह बांधला गेला. त्यास सोडविण्यास धर्मराजाने धाडले ते त्याच उपाशी भावांना. पुढे लाजेने त्याने अन्नपाणी वर्ज्य करून प्राण सोडण्याचा निश्चय केला. या आख्यानावर आम्ही फारसे थांबत नाही. श्रोते हसतात, टाळ्या पडतात, पण कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कारण श्रोत्यांपैकी दुर्योधन कोणीच नसतो.

सुदामा मात्र पुष्कळ असतात.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, ऐंशी व एक्याऐंशी या अध्यायांत, ही कथा आली आहे. मुळात त्या ब्राह्मणाचे नावदेखील दिलेले नाही. मळकी, फाटकी वस्त्रे नेसणारा, एवढीच त्याची ओळख. ‘सुदामा’ हे नाव मागाहून लोकांनी प्रेमाने रूढ केले. पत्नी म्हणते, साक्षात लक्ष्मीचा पती आपला मित्र आहे, एकदा जाऊन या. तो निघतो, पण निघताना विचारतो की नेण्यासारखे घरात काही आहे काय? घरात नसतेच. मग ती माउली चार घरी जाऊन चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्याच्या तुकड्यात बांधून देते. हा तपशील बहुतेक श्रोत्यांच्या कानांवरून निसटतो. सुदाम्याचे पोहे, सुदाम्याचे पोहे, असे आपण म्हणतो, पण ते पोहे सुदाम्याचे नव्हतेच. ते उसने होते. मित्राच्या दारी रिक्त हस्ताने जाण्याची लाज वाटून त्या जोडप्याने केलेली ती झाकपाक होती. पोहे शेजाऱ्यांचे, आपले काय, तर ते फडके! आणि सारे बिंग फोडणार होते ते नेमके तेच.

द्वारकेत काय झाले ते वाचकांस ठाऊक आहे. भगवंत पलंगावरून उठून धावले, मिठी मारली, पाय धुतले. स्वतः देवी चवरी घेऊन उभी राहिली. मग गोष्टी निघाल्या त्या सांदीपनींच्या आश्रमातल्या. लाकडे आणावयास रानात गेलो, वादळ सुटले, रात्रभर हात धरून भटकलो, याच्या. विवाह झाला ना, एवढे भगवंतांनी विचारले. मिळकतीचे नाव काढले नाही. ज्यास सर्व ठाऊक आहे तो चौकशी करीत नाही. त्याने हसून एवढेच विचारले की मजसाठी घरून काय आणलेस? ब्राह्मणाने मान खाली घातली. पुरचुंडी काढवेना. तेव्हा भगवंतांनी ती ओढूनच घेतली. एक मूठ खाल्ली, दुसरी उचलली तो देवीने हात धरला. दुसऱ्या दिवशी मित्र निघाला तो जसा आला तसाच. हातावर काही ठेवले नाही. ह्याने मागितले नाही, त्याने दिलेले दाखविले नाही. दिले ते परस्पर, याच्या पाठीमागे, घरी.

चाळीस वर्षांहून अधिक काळ हे आख्यान आम्ही लावीत आलो आहोत. उपरण्याच्या टोकाला गाठ मारून, ती काखेत दडवून, मग एका हाताने ओढावयाची, असा अभिनय ठरलेला आहे. लहान मुले खुदखुदतात. पेटीवाले सूर धरून ठेवतात. आणि त्याच ठिकाणी आमचा शब्द दर वेळी अडखळतो. श्रोत्यांस तो भक्तिभाव वाटतो. त्याचे कारण आजवर व्यासपीठावरून सांगितले नाही. भाऊबीजेच्या निमित्ताने येथे सांगतो.

आमचे वडीलही कीर्तनकारच. वाईस कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या सान्निध्यात, त्यांची हयात गेली. आमची थोरली बहीण अक्का १९७० साली माणदेशातील एका खेड्यात भिक्षुकी करणाऱ्या घरी दिली. जिल्हा एकच, सातारा. पण त्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे माणात पाचशेचाही भरवसा नसतो. १९७२ साली तोही आला नाही. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस अधिक सांगावयास नको. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात त्या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, बांध घालणे, पाझर तलाव खणणे, सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर कायमचे बसले. ज्या घरी चूल पेटत नाही तेथे सत्यनारायण कोणी घालावा? भिक्षुकाची दक्षिणा गेली, तशीच कीर्तनकाराची बिदागीही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेस आम्ही बारा वर्षांचे होतो. अक्काकडे जाण्यासाठी आमच्या अंगावर जो नवा सदरा चढला तो आमचा नव्हता. शेजारच्या, आमच्याहून थोराड मुलाचा तो दिवाळीचा सदरा. दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला. खांद्यात सैल होता म्हणून आईने आतून चार टाके घातले, परत देताना उसवून द्यावयाचे या हिशोबाने. ओवाळणीची पाच रुपयांची नोट वाण्याकडून उसनी आली. एका लहान डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा आईने भरला. शेंगदाणे वरच्या थरालाच होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. निघताना वडील म्हणाले, “अक्काने विचारले तर सांग, चातुर्मासात एकवीस कीर्तने झाली.” झाली होती दोन.

अक्काच्या घरी आम्ही पोहोचलो तेव्हा दारात रांगोळी होती. अक्का लग्नातला शालू नेसली होती. पाट, समई, चांदीची वाटी. शिरा, पुऱ्या, बटाट्याची भाजी. आम्ही एकटेच पानावर बसलो. तिचे आणि भावोजींचे जेवण आधीच झाले होते म्हणे. संध्याकाळी तिने आधी चंद्रकोर ओवाळली, मग आम्हांस. तबक धरलेल्या तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. “करंज्या तळताना तेल उडालं,” ती म्हणाली. करंजी पानात नव्हती, डब्यातही नव्हती. तिने विचारले, “दादांची कीर्तनं?” आम्ही म्हणालो, “एकवीस.” तिने आमच्या खांद्यावरून हात फिरविला, सदऱ्याचा काठ बोटांत धरला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाली, “छान आहे हो!”

रात्री जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा नव्हता. अंधारात दोघे जेवीत होती. वास ओळखीचा होता. ताकाशिवाय शिजविलेल्या जोंधळ्याच्या कण्यांचा. पहाटे कोणी बाई मागील दारी हलक्या आवाजात म्हणाली, “चला की वैनी, मुकादम हजेरी धरंल.” अक्काने तिला आज येत नाही म्हणून सांगितले आणि दार लोटून घेतले. उजाडल्यावर शेजारची मुलगी चांदीची वाटी मागावयास आली. आम्ही झोपेचे सोंग केले. बारा वर्षांच्या मुलास न कळण्यासारखे यात काहीच नव्हते.

यष्टीपर्यंत पोहोचवावयास ती आली. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून तिने आमचा डबा कापडात बांधून हाती दिला. “घरी काय सांगशील?” आम्ही म्हणालो, “अक्काचं छान चाललंय.” तिने आमच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटे मोडली, चिंधीची दोन मात्र मोडली नाहीत.

घरी डबा उघडला तेव्हा मूठभर साखरेच्या खाली ती पाच रुपयांची नोट घडी करून ठेवलेली होती. आईचे डोळे भरून आले. ती वडिलांना म्हणाली, “लेक सुखात आहे हो! ओवाळणीसुद्धा परत पाठवली.” वडिलांनी देवापुढे हात जोडले. नोट त्याच संध्याकाळी वाण्याकडे गेली. आम्ही कोपऱ्यात सदरा उतरवीत होतो. त्या वेळी आम्ही बोललो असतो तर चालले असते. बोललो नाही. अक्काला शब्द दिला होता, हे एक. आणि घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसत होते, हे दुसरे.

१९७३ च्या वैशाखात निरोप आला. खडीच्या कामावरच तिला त्रास सुरू झाला आणि पाचव्या महिन्यात पोटचे गेले. वडील जाऊन तिला घेऊन आले. तिचे तळहात पाहून आई जमिनीवर बसली. भिक्षुकाच्या घरची सून सहा महिने खडी फोडते आहे हे त्या गावाला ठाऊक होते; माहेराला नव्हते. रात्री वडिलांनी आम्हांस ओसरीवर बोलाविले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, “तू गेला होतास ना रे भाऊबीजेला? काही दिसलं नाही?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या रात्री दिले नाही. वडील १९८९ साली वारले. तोवरही दिले नाही.

जात्यावरच्या ओव्यांत भाऊराया किती वेळा येतो हे जुन्या घरांतील स्त्रियांना सांगावयास नको. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या बहिणी भावासाठी वाट झाडतात, भात रांधतात आणि सासरचा त्रास आईच्या कानी घालू नको म्हणून विनवितात. त्या ओव्या वाचताना आमच्या मनात येते ते निराळेच. ओवी तर बहिणीची आहे. पण त्या भावाने घरी जाऊन काय सांगितले असेल? आणि मग द्वारकेतला तो हात आठवतो. लाजेने दडविलेली पुरचुंडी ओढून घेणारा हात. मित्राची लाज राखावी म्हणून भगवंतांनी मिळकत विचारली नाही, पण लाज राखावी म्हणून पुरचुंडीही काखेतच राहू दिली असती, तर? आम्ही बारा वर्षांचे असताना लाज राखली. पुरचुंडी ओढली नाही.

२०२० साली टाळेबंदी आली. मार्चपासून देवळांची दारे बंद, उत्सव बंद, आमची कीर्तनेही बंद. त्या वर्षी भाऊबीज सोळा नोव्हेंबरला होती. अक्का पुण्यास मुलाकडे. वयाने सत्तरीला टेकलेली, तिला भेटावयास जाणे इष्ट नव्हते, म्हणून भाच्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. तिने तबकात निरांजन लावून पडद्यावरच्या आमच्या प्रतिमेस ओवाळले. आम्ही मुद्दाम पगडी घातली होती, नवा सदरा आणि शेला. तिने विचारले, “कीर्तनं?” आम्ही म्हणालो, “छान चाललंय. मोबाइलवरून करतो आता, पुष्कळ लोक ऐकतात.” आठ महिन्यांत एक केले होते, तेही नातवाने घरच्या घरी चित्रित केलेले.

अक्का पडद्याच्या अगदी जवळ आली. चष्मा वर केला.

“सदरा कोणाचा रे?”

आमच्याने बोलवेना. घरात पेटीवाल्यांचीही अडचण चालली होती आणि आमचीही. ती आकड्यांसह तिला सांगितली. मग बोलता बोलता ती नोट निघाली. अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्याविषयी आम्ही दोघांनी चकार शब्द काढला नव्हता. आई काय समजली ते सांगितले तेव्हा अक्का कितीतरी वेळ गप्प राहिली. “सुखात म्हणून नव्हे रे,” ती म्हणाली. “तुझ्या खांद्याचे टाके हाताला लागले होते. आईचेच टाके. पण आतून कच्चे घातलेले. मला वाटलं, माझ्यापायी तुमच्या घरी फराळसुद्धा झाला नसेल.”

त्याच दिवशी सकाळी राज्यातील देवळे पुन्हा उघडली होती. खिडकीतून घाटाकडली घंटा ऐकू येत होती. ती अक्कालाही पलीकडे ऐकू गेली.

“उघडलं का देऊळ?” तिने विचारले. “मग ठेव आता. दर्शन घेऊन ये. तोंडावरची पट्टी काढू नकोस, आणि उद्या भाच्याला पाठवतेय, तो देईल ते मुकाट्याने घे.”